बारा दिवसांत एक दुपटं

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर मेसेज येतो. ‘मुलगी झाली! बाळ-बाळंतीण सुखरूप.’ खाली फोटो. मिटलेल्या मुठी, मिटलेले डोळे, डोक्यावर ढगळ टोपडं. तुम्ही अंथरुणातूनच आठ-दहा हार्ट पाठवून मोकळे होता. दुपारी दुसरा मेसेज येतो. ‘बारसं बाराव्या दिवशीच करायचं ठरलंय.’

आणि मग एकदम ट्यूब पेटते. आजवर आपण बारशाला जायचो ते घुगऱ्या आणि पेढे खायला. आता आपणच मावशी झालोय. किंवा मामा, काका, आत्या. आता हात हलवत जाऊन कसं चालेल?

मग मोबाइल हातात घेऊन शोधाशोध सुरू. एका ॲपवर गिफ्ट सेट, दुसऱ्यावर झबल्यांचा कॉम्बो. सगळं गोड आणि सगळं सारखंच. बारशाच्या दिवशी तिथे असे चार बॉक्स आधीच आलेले असणार, हेही तुम्हाला माहीत असतं. आणि त्याच मोबाइलमध्ये, त्याच बोटाखाली, तुम्ही महिनोन् महिने सेव्ह करून ठेवलेल्या क्रोशाच्या रील्स पडलेल्या असतात. ‘कधीतरी करू’ म्हणून.

तर मंडळी, ते ‘कधीतरी’ आत्ता आलंय. १२ दिवस हातात आहेत. एक साधं, सोपं, पटकन होणारं बाळाचं ब्लँकेट विणायचं. तुम्ही ब्लँकेट म्हणा, आजी दुपटं म्हणेल. वस्तू तीच.

साधंच का?

कारण आपल्यापैकी बहुतेकांचं पहिलं विणकाम कपाटात अर्धवट पडलेलं असतं. एकतर आपण सुरुवातच अवघड डिझाइनपासून करतो. फुलं, शंख, सात रंग, मध्ये टेडी बेअर. चौथ्या ओळीत गुंता होतो, पाचव्या ओळीत चिडचिड, आणि सहावी ओळ कधी येतच नाही. ‘माझ्या हाताला हे जमत नाही’ असं आपण जाहीर करून टाकतो. खरं तर हाताची काही चूक नसते. आपण डोंगरच चुकीचा निवडलेला असतो.

म्हणून हे ब्लँकेट एकाच टाक्याचं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तोच टाका. रंग एक, फार तर दोन. ते कंटाळवाणं दिसेल असं वाटतंय? अजिबात नाही. एकसारखे टाके शेजारीशेजारी बसले की त्यांचा आपोआप एक सुंदर पोत तयार होतो. आणि बाळाला काय, डिझाइन दिसतंय थोडंच! त्याला मऊ लागतं.

अनेक घरांत बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही नवीन आणत नाहीत. पहिले दिवस आजीच्या जुन्या मऊ लुगड्याच्या दुपट्यांवर आणि थोरल्या भावंडांच्या झबल्यांवर निघतात. मग बाळंतविडा जातो, बारशाला आहेर येतात. म्हणजे जन्म ते बारसं हे दिवस विणणाऱ्याचेच. तुमच्या घरी बारसं बाराव्या दिवशी नसून महिन्या-दीड महिन्याने असेल, तर तुम्ही नशीबवान.

आधी गणित मांडू

‘पटकन’ म्हणजे नक्की किती, हे कोणी सांगतच नाही. रीलमध्ये तर ३० सेकंदांत ब्लँकेट होतं. आपण प्रामाणिकपणे मोजू.

मध्यम जाडीची लोकर आणि ६ मिलिमीटरची सुई घेतली, तर साधारण १२ टाक्यांत १० सेंटिमीटर रुंदी होते आणि ९ ओळींत १० सेंटिमीटर लांबी. आपल्याला ७० सेंटिमीटरच्या आसपास चौकोन हवाय. म्हणजे एका ओळीत ८४ टाके. रोज ६ ओळी विणल्या तर ११ दिवसांत ६६ ओळी होतात. ८४ गुणिले ६६, म्हणजे ५,५४४ टाके.

आकडा बघून घाबरू नका. नवशिक्या माणसाचा हात बसला की मिनिटाला ८-९ टाके सहज होतात. म्हणजे ६ ओळींना रोज एक तास. अकरा दिवस विणायचं, बाराव्या दिवशी सकाळी कडा आणि आवराआवर. एकूण १२ तास. लोकलचा प्रवास, वेब सिरीजचा एक एपिसोड, झोपण्याआधीचं स्क्रोलिंग… तो एक तास कुठून काढायचा ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे.

दुकानात जाताना

लोकरीच्या दुकानात गेलात की डोळे दिपतात. म्हणून यादी आधीच ठरवा.

धागा. साधारण ४०० ग्रॅम मध्यम जाडीचा. बारीक बेबी लोकर आवडली असेल तर तिचे दोन धागे एकत्र धरून विणता येतं. निव्वळ सुती धागा घेणार असाल तर ५०० ग्रॅम धरा, तो वजनाला जड असतो. सगळे गुंडे एकदमच घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर सारखाच आहे ना ते बघा. दोन वेगळ्या लॉटमधला ‘तोच’ पिवळा घरी येऊन उन्हात धरला की वेगळा निघतो.

सुती की ॲक्रिलिक? बाळ कुठे राहणार आहे त्यावर ठरवा. नागपूरचा उन्हाळा किंवा मुंबईचा घाम असेल तर सुती बरं, घाम शोषून घेतं. पण कोकणात भर पावसात सुती ब्लँकेट वाळता वाळत नाही. ॲक्रिलिक हलकं, लवकर वाळणारं, रंगाला पक्कं, पण ते घाम शोषत नाही. शिवाय एक गोष्ट दुकानदार सांगेलच असं नाही. ॲक्रिलिक आचेजवळ वितळतं. घरी शेक-शेगडी, धुरी असं सगळं होणार असेल तर हे फार महत्त्वाचं. अशा घरासाठी सुतीच घ्या, आणि तेही निखाऱ्यापासून लांबच ठेवायला सांगा. दोन्हींचा मध्य हवा असेल तर सुती-ॲक्रिलिक मिश्र धागाही मिळतो.

केसाळ, फुगीर, चमकीच्या धाग्यांकडे बघूही नका. सुटलेले केस बाळाच्या नाकातोंडात जातात. धाग्याची परीक्षा अगदी सोपी आहे. तो गालाला, मानेला घासून बघा. तुम्हाला टोचला तर बाळाला दुप्पट टोचेल.

सुई. क्रोशाची ६ मिलिमीटरची. आकडा सुईवरच कोरलेला असतो. आजीच्या डब्यातली बारीक स्टीलची सुई तोरणाच्या दोऱ्यासाठी असते, ती इथे चालणार नाही. याशिवाय एक बोथट, मोठ्या नाकाची सुई, कात्री आणि टेप. बास.

नावांचा घोळ

आता शिकायचं कुणाकडून? रील्स आहेतच. पण त्यात एक खड्डा आहे, आणि बहुतेक नवशिके त्यात पडतात. अमेरिकी पद्धतीत ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, त्याच टाक्याला ब्रिटिश पद्धतीत ‘डबल क्रोशे’ म्हणतात. अमेरिकी ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’. व्हिडिओ एका पद्धतीचा आणि घरातलं जुनं पुस्तक दुसऱ्या पद्धतीचं, की झालाच गोंधळ. सांगितलंय त्यापेक्षा बरंच उंच ब्लँकेट तयार!

आपली मराठी नावं त्या मानाने सरळ आहेत. साखळी. मुका खांब, म्हणजे सगळ्यात बुटका टाका. मग अर्धा खांब, मग खांब. नावावरूनच उंची कळते. घराघरांत नावं थोडी इकडेतिकडे होतात, पण शंका आली तर सुईवर आधी किती वेढे घेतले ते मोजायचं. मुक्या खांबाला एकही नाही. अर्ध्या खांबाला आणि खांबाला एकेक, फक्त धागा ओढून काढायची तऱ्हा वेगळी.

म्हणून माझं ऐकाल तर रील बघाच, पण एकदा घरातल्या एखाद्या बाईला विचारा. आजी, आत्या, शेजारच्या काकू. ज्या पिढीने दारावर हत्ती-मोरांची तोरणं लावली, पाण्याच्या तांब्यावर मणी लावलेले जाळीचे रुमाल झाकले, टीव्हीलासुद्धा क्रोशाचा अंगरखा घातला, त्या पिढीच्या बोटांत हे सगळं अजून आहे. आपण त्या रुमालांना हसलोय, हेही खरं. पण तुम्ही सुई घेऊन शेजारी जाऊन बसलात की बघा काय होतं. आधी ‘आता कुठे मला दिसतंय’ असं म्हणतील. मग तुमचा घट्ट आवळलेला धागा बघून त्यांना राहवणार नाही. ‘अगं, ढिलं धर की जरा’ म्हणत त्या सुई हातातून काढूनच घेतील. रील तुमचा हात बघू शकत नाही. आजी बघू शकते.

आता बसा विणायला

पहिल्या दिवशी थेट ब्लँकेटला हात घालू नका. १५ टाक्यांचा, १० ओळींचा एक तुकडा करा. टेप लावून १२ टाके मोजा. ते १० सेंटिमीटरपेक्षा बरेच कमी भरले तर तुमचा हात घट्ट आहे. सुई थोडी मोठी घ्या किंवा हात सैल सोडा. मग तो तुकडा उसवा आणि खरी सुरुवात करा.

सरकती गाठ मारून सुईवर घ्या. सुई पेनासारखी धरा किंवा सुरीसारखी, दोन्ही बरोबर. डावखुरे असाल तर सगळं आरशात बघितल्यासारखं उलट.

पाया. ८६ साखळ्या घाला. मुद्दाम ढिल्या घाला. इथे बहुतेकांचा हात आवळला जातो, आणि मग ब्लँकेटची खालची कड चुणीसारखी गोळा होते. पायापुरती अर्ध्या नंबरने मोठी सुई वापरली तरी चालेल.

अर्धा खांब. सुईवर धाग्याचा एक वेढा घ्या. सुईकडून तिसऱ्या साखळीत सुई घाला, धागा ओढून बाहेर काढा. आता सुईवर तीन फास दिसतील. पुन्हा धागा घ्या आणि तिन्ही फासांतून एकदम बाहेर ओढा. झाला टाका. हेच ५,५४४ वेळा करायचंय. पहिले शंभर टाके वाकडे, पुढचे दोनशे बरे, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही बोलता बोलता विणत असाल.

पुढची ओळ. ८४ टाके झाले की २ साखळ्या घाला आणि काम उलटा. या दोन साखळ्या टाका म्हणून मोजायच्या नाहीत. पहिला अर्धा खांब अगदी पहिल्याच टाक्यात घालायचा आणि शेवटचा अगदी शेवटच्या टाक्यात.

हे वाक्य दोनदा वाचा, कारण सगळ्यांचं ब्लँकेट इथेच बिघडतं. कडेचा एखादा टाका सुटतो, ओळ ८३ची होते, मग ८२ची. चौथ्या दिवशी आपण चौकोन नाही, समोसा विणतोय हे लक्षात येतं. यावर उपाय एकच. प्रत्येक ओळीच्या शेवटी मोजा. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवलात तर कड ओळखणं सोपं जातं. काम झालं की ते दोरे आठवणीने काढा.

नवा गुंडा. ओळीच्या मधोमध गाठ मारू नका. गाठ बाळाच्या पाठीला टोचते आणि कधी ना कधी सुटतेच. नवा धागा ओळीच्या सुरुवातीला जोडा, दोन्ही टोकं १५-१५ सेंटिमीटर लांब सोडा.

कड. बाराव्या दिवशी चारी बाजूंनी मुक्या खांबाची एक फेरी. वर-खाली टाक्याला टाका, बाजूच्या कडांना दर तीन ओळींमागे चार टाके, आणि प्रत्येक कोपऱ्यात एकाच जागी तीन टाके. कोपऱ्यात तीन घातले नाहीत तर कोपरे आत वळतात. ही एक फेरी घातली की अकरा दिवसांतल्या सगळ्या वाकड्यातिकड्या कडा शहाण्यासारख्या सरळ होतात.

मग बोथट सुईने सगळी टोकं टाक्यांच्या आतून फिरवा. एकदा उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. एकाच दिशेने ओवलेलं टोक दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात बाहेर डोकावतं. शेवटी सौम्य साबणात धुवा आणि आडवं पसरून वाळवा. ओलं सुती विणकाम दोरीवर लटकवलं की स्वतःच्या वजनाने लांबतं.

चुकलं तर?

चुकणारच. सातव्या ओळीवर असताना तिसऱ्या ओळीतली चूक दिसणार. अशा वेळी काय करायचं? सुई काढा आणि धागा ओढा. झरझर, झरझर… चार ओळी गायब. हातात तोच धागा, जसाच्या तसा.

या कलेची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. कापड चुकीचं कापलं की गेलं. भाजी करपली की गेली. पाठवलेला मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केला तरी समोरच्याला खूण दिसते. क्रोशात फक्त वेळ जातो. धागा तुमच्यावर राग धरत नाही. प्रत्येक वेळी ‘आता परफेक्टच यायला हवं’ असं मानेवर ओझं घेऊन जगणाऱ्या आपल्या पिढीला हे थोडं शिकण्यासारखं आहे. उसवणं म्हणजे हरणं नाही.

पण दुसरी बाजूही सांगते. एखादा टाका जरा मोठा, एखादा जरा तिरका असेल, तर त्यासाठी दहा ओळी उसवू नका. दोन हात लांब धरून बघा. दिसतंय? नाही ना? मग पुढे चला. टाके कमी-जास्त झाले तर मात्र उसवाच.

आणि दर वीस मिनिटांनी थांबा. मनगट फिरवा, बोटं ताणा, मान सोडा. उत्साहाच्या भरात पहिल्याच रात्री चार तास विणून अंगठा धरून बसलेली माणसं मी पाहिलीयत.

बाळाची सुरक्षितता आधी

आता जरा गंभीर. तुम्ही प्रेमाने विणताय, पण ज्याच्यासाठी विणताय ते फार नाजूक आहे. काही गोष्टी ‘छान दिसतं’ म्हणून करायच्या नाहीत.

मोठ्या भोकांची जाळी नको. त्यात इवलीशी बोटं अडकतात. म्हणूनच आपण जाळीची नक्षी न घेता अर्धा खांब घेतला, तो दाट बसतो. गोंडे, झालर, मणी, बटणं, लोकरीचे गोळे यातलं काहीच नको. बाळाच्या हाताला लागेल ते सगळं तोंडात जातं. उलट्या बाजूला सुटा धागा लोंबत ठेवू नका. असा धागा बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बाळ झोपलेलं असताना त्याच्याजवळ सुटं पांघरूण ठेवू नये, पहिलं वर्षभर तर नाहीच, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते तोंडावर आलं तर बाळाला बाजूला सारता येत नाही. मग हे ब्लँकेट कशासाठी? बाळाला कडेवर घेताना गुंडाळायला. डॉक्टरांकडे नेताना. जमिनीवर पालथं खेळायला ठेवताना खाली अंथरायला. बाळ जागं असताना, कुणाची तरी नजर असताना. देताना ताईला हे स्पष्ट सांगा. ‘एवढं विणलंय, तर घालू दे की झोपताना’ असा आग्रह धरू नका. प्रेमाचा पुरावा पाळण्यातच हवा असं काही नाही.

मुलांनो, तुम्हीही

इथपर्यंत वाचून ‘हे मुलींचं काम’ म्हणत पान उलटणाऱ्या मामा-काका मंडळींसाठी एक आठवण. २०२१मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये डायव्हिंगचं सुवर्णपदक जिंकलेला ब्रिटनचा टॉम डेली प्रेक्षकांत बसून शांतपणे विणकाम करताना कॅमेऱ्यात दिसला. जगभर तो फोटो फिरला. आपल्या पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने विणलेली छोटी पिशवीही सगळ्यांनी बघितली. दहा मीटरवरून पाण्यात झेप घेणाऱ्याला सुई धरायला लाज वाटत नाही. मग तुमची काय अडचण आहे?

एकट्याला जमणार नसेल तर भावंडांत वाटून घ्या. २४-२४ सेंटिमीटरचे ९ चौकोन, नऊ जणांनी एकेक. धागा आणि सुई मात्र सगळ्यांची सारखी हवी, नाहीतर एकाचा चौकोन रुमालाएवढा आणि दुसऱ्याचा टॉवेलएवढा. वाटून घेतलं की किती मोठं काम होतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटातल्या बायकांनी आपापल्या घरी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट केलं आणि गिनीज विक्रम नोंदवला. तुम्हाला तर नऊच चौकोन जोडायचेत.

बारा तासांची किंमत

सातव्या-आठव्या दिवशी एक गंमत होईल. बाजारात क्रोशाचा टॉप किंवा पर्स दिसेल, आणि हात आधी किमतीच्या चिठ्ठीकडे जायच्याऐवजी टाक्यांकडे जाईल. ‘बापरे, हे किती तासांचं काम असेल?’ हा प्रश्न तुम्हाला पहिल्यांदाच पडेल.

पडायलाच हवा. कारण कारखान्यात क्रोशासारखं दिसणारं कापड यंत्रावर निघतं, पण दुकानात येणारं खरं क्रोशाकाम आजही माणसाच्या हातानेच होतं. कुठल्या तरी घरात, कुणीतरी बाई एकेक टाका घालत असते.

आंध्र प्रदेशातल्या नरसापूर भागात बायका पिढ्यान् पिढ्या क्रोशाची लेस विणतात. ही कला तिथे १९व्या शतकात मिशनऱ्यांबरोबर आली, आणि लेस परदेशात जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२मध्ये या बायकांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की, दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या बायकांना कुणी कामगार मानतच नव्हतं. ‘घरी बसून फावल्या वेळात करतात’ असं म्हटलं की मजुरी कमी द्यायला सगळे मोकळे.

आता आपलं ब्लँकेट घ्या. समजा, धागा ४०० रुपयांचा लागला आणि कुणीतरी म्हणालं, ‘७०० रुपयांत मलाही एक करून दे ना.’ ३०० रुपये भागिले १२ तास. तासाला २५ रुपये झाले. कॉलेजात क्रोशाच्या वस्तू विकून पॉकेटमनी काढणारी एखादी मैत्रीण तुमच्याही ओळखीत असेल. पुढच्या वेळी तिच्याशी घासाघीस करण्याआधी हा भागाकार आठवा. आणि तुम्हाला ऑर्डर आली तर पहिल्यांदा तास मोजा, मगच किंमत सांगा. घरच्या बाळाला १२ तास फुकट देणं वेगळं. ते तुम्ही ठरवून दिलेले असतात.

बारसं

समजा, नाहीच झालं बाराव्या दिवशी. परीक्षा आली, ऑफिसात काम निघालं, चाळीस ओळींवरच अडकलात. तर अर्धवट कपाटात टाकू नका. बारसं हुकलं तरी पुढे उष्टावण आहे, थंडी आहे, पहिला वाढदिवस आहे. चाळीस ओळींवर कड घालून थांबलात तरी मांडीवर पसरायला एक लहानसं पांघरूण होतंच.

आणि झालं, तर ते साध्या जुन्या सुती ओढणीत गुंडाळून न्या. सगळ्यांच्या समोर नको, गर्दी ओसरली की ताईच्या हातात द्या. कदाचित ती नुसतं ‘अय्या, तू केलंस?’ एवढंच म्हणेल आणि बाजूला ठेवेल. रात्रभर जागलेल्या आईकडून याहून जास्त अपेक्षा करू नका. आठवडाभरात बाळ त्यावर दूध काढेल, शी-शू करेल, ते दहादा धुतलं जाईल. वाईट वाटून घेऊ नका. कपाटात जपून ठेवलेल्या ब्लँकेटपेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेलं ब्लँकेट नशीबवान.

एकच करा. धाग्याचा थोडासा गुंडा उरेल, तो फेकू नका. एका लहान पिशवीत घालून, लेबलासकट, ब्लँकेटबरोबरच द्या. कधी एखादा टाका तुटला, कड निघाली, तर त्याच धाग्याने नीट करता येईल. आपल्याकडे बाळाच्या वस्तू एका घरात थांबत नाहीत. हे बाळ मोठं होईल, ब्लँकेट दुसऱ्या बहिणीकडे जाईल, मग आतेभावाकडे. तेव्हा कुणीतरी फोन करून विचारेल, ‘हे तू केलं होतंस ना? एक टाका निघालाय, घालून देशील?’

तोवर सुई कुठे ठेवलीय ते विसरू नका.